ओतूरहून आलेलं पत्र

हवामानबदलाच्या कथा-कादंबऱ्यांतली आई हा माझा अभ्यासविषय. मेगन हंटर यांच्या २०१७च्या छोट्या कादंबरीत लंडन पुराखाली जातं आणि नुकतीच बाळंतीण झालेली बाई तान्हं मूल घेऊन घर सोडते. अशा पुस्तकांवर परिषदांत भरभरून बोललं जातं. मराठीचा विषय निघाला की जयंत नारळीकरांच्या ‘हिमप्रलय’चं नाव येतं, आणि ते यायलाच हवं. पण पुण्यात बसून हा इतिहास लिहायचा तर त्याआधी शंभर वर्षं मागे, १८७७च्या दुष्काळापाशी जायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

२० एप्रिल १८७७ रोजी सावित्रीबाई फुल्यांनी जुन्नर भागातल्या ओतूरहून जोतीरावांना पत्र लिहिलं. नद्या-ओढे आटलेले, झाडांवर पान नाही, जमिनीला भेगा, चाऱ्यावाचून गुरं कोसळताहेत. लगेच माणसं येतात: पोटची मुलं, तरण्या पोरी विकून गाव सोडणारी. सावित्रीबाई त्यांना निर्घृण ठरवत नाहीत. सावकारांचा जुलूम, त्यातून पेटलेला दंगा, पकडलेले पन्नास सत्यशोधक, हेही त्या सांगतात. कलेक्टरसमोर उभं राहून त्या जाब विचारतात. कार्यकर्ते सुटतात, ज्वारीच्या चार बैलगाड्या येतात. पावसाने दगा दिला, पण माणसं उपाशी मरायला पाऊस एकटा कारण नव्हता, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. आजचे स्त्रीवादी अभ्यासक जे मोठ्या कष्टाने मांडतात, ते या पत्रात सरळ आलं आहे.

लिहिणाऱ्या बाईंना स्वतःचं मूल नव्हतं. १८६३मध्ये फुले दांपत्याने पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं आणि तिथे फसवल्या गेलेल्या विधवांची बाळंतपणं केली. १८७४मध्ये अशाच एका विधवेचा मुलगा, यशवंत, दत्तक घेतला. आईपण त्यांच्यासाठी रोजचं काम होतं.

त्याच दशकात दक्षिणेत पंडिता रमाबाईंचे आईवडील दुष्काळात गेले. उपाशी आईसाठी शेजारी भाकरी मागताना रमाबाईंच्या तोंडून शब्द फुटेना, हे त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवलं. १८९७च्या सुमारास मध्य प्रांतातल्या दुष्काळातून त्यांनी मुली पुण्याला आणल्या. प्लेगच्या निर्बंधांमुळे त्यांना केडगावला हलवावं लागलं. मागे उपाशी आई आणि पुढे शेकडो अनोळखी पोरी, या दोन टोकांमधलं त्यांचं लेखन मला कुठल्याही कल्पित प्रलयापेक्षा जास्त अस्वस्थ करतं.

ही पत्रं नि आठवणी आहेत, कथा नव्हेत, असा आक्षेप मला ऐकवला जातो. मान्य. पण अन्न संपल्यावर आईने काय करायचं, हा या साऱ्या कादंबऱ्यांचा गाभ्याचा प्रश्न इथे आधीच विचारलेला आहे, तोही जिने मुलं विकली जाताना पाहिली तिच्याकडून. पुढच्या सत्रात हंटरची कादंबरी उघडण्याआधी माझे विद्यार्थी ओतूरचं पत्र वाचतील.