किल्लारीच्या संवाद सहायक

मी हिद्दहून बोलतोय. हिद्द मूळचं मोती काढणाऱ्यांचं आणि मासेमारांचं गाव. आता समुद्रात भराव घालून तिथं बंदर आणि औद्योगिक वसाहत उभी आहे. माझं काम कंपन्यांसाठी आपत्कालीन योजना लिहिण्याचं: सर्व्हर बंद पडला तर काय, वीज गेली तर काय. या योजनांमध्ये माणसांचा रकाना सगळ्यात शेवटी येतो. तो भरताना मला किल्लारी आठवते.

30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. गणपती विसर्जन करून लोक उशिरा झोपले होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात सुमारे दहा हजार माणसं गेली. मी तेव्हा शाळेत होतो. आम्ही घरोघर फिरून जुने कपडे गोळा केले. तिकडे नेमकं काय हवंय, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

माणसं मेली ती घरांमुळे. दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती, आतून-बाहेरून दगडाचे दोन वेगळे थर, मध्ये खडी-माती, आणि वर माळवदाचा मातीचा भार. हादरा बसला की थर सुटतात आणि माळवद खाली येतं.

52 गावं उठवून नव्या जागी वसवली. तिथं घर केवढं मिळणार, हे जमिनीवर ठरलं. भूमिहीनाला आणि अगदी लहान शेतकऱ्याला 250 चौरस फूट, मधल्याला 400, सात हेक्टरांवर जमीन असेल तर 750. घरात खाणारी तोंडं किती, यावर ते ठरलं नाही.

पण मला सांगायचंय ते उरलेल्या गावांबद्दल. हजाराहून जास्त गावांत घरं पडली नव्हती, तडकली होती. तिथं सरकारनं दुरुस्तीचे पैसे हप्त्याहप्त्यानं घरमालकालाच द्यायचं ठरवलं. पण लोकांनी दगडाची धास्ती घेतली होती. घर असून कित्येकजण पत्र्याच्या शेडमध्ये राहत. तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ संस्थेवर लोकसहभागाचं काम सोपवलं गेलं आणि महिला मंडळांतल्या बायका ‘संवाद सहायक’ झाल्या.

आमच्या एमबीएत ‘स्टेकहोल्डर’ हा शब्द दोन वर्षं घोकून घेतला होता. या बायकांनी तो ऐकलाही नसेल. भिंतीला आरपार भोक पाडून सळई आणि काँक्रीट भरलं की दोन्ही थर एकमेकांना बांधले जातात, छपरावरची जादा माती उतरवली की भार हलका होतो, हे त्या शिकल्या. मग दारोदार जाऊन त्यांनी ते समजावलं, गवंड्याच्या कामावर नजर ठेवली, हप्ता अडला तर कचेरी गाठली. डोक्यावरचा पदर न सोडता गवंड्याला “हे भोक पुन्हा पाड” म्हणणं त्या काळात सोपं नव्हतं.

2001 मध्ये कच्छला भूकंप झाला, तेव्हा लातूरकडच्या बायका तिथं गेल्या. भाषा वेगळी, पण ढिगाऱ्यापुढे बसलेल्या बाईला काय विचारायचं हे त्यांना माहीत होतं. पुढं मराठवाड्यात दुष्काळ पडत राहिला आणि याच संस्थेच्या बायका एकेका एकरात घरच्या खाण्याची पिकं घेऊ लागल्या. 2016 मध्ये लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्याच वर्षी संस्थेला संयुक्त राष्ट्रांचं इक्वेटर पारितोषिक मिळालं.

तुमच्यापैकी कुणाची आई, मावशी, आत्या तेव्हा संवाद सहायक होती का? असेल तर या सुट्टीत गावी गेल्यावर त्यांच्याशी बोला, फोनवर आवाज टिपून घ्या आणि आम्हाला पाठवा. आपण तो याच कार्यक्रमात ऐकवू.