विलापाला जागा देणारी आशा

३० सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून गावे झोपली होती. पहाटे चारच्या सुमारास जमीन हादरली आणि किल्लारी, सास्तूर व भोवतालची गावे काही क्षणांत ढिगारा झाली. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदावरचा मातीचा जड थर यांमुळे उन्हाळ्यात गारवा देणारी घरेच त्या पहाटे माणसांच्या अंगावर आली. सुमारे दहा हजार माणसे गेली.

तेव्हापासून आम्ही लातूर-नांदेडकडची माणसे आशेविषयी जरा जपूनच बोलतो. ‘सगळे ठीक होईल’ हे वाक्य आमच्याकडे सहजासहजी कुणाला पटत नाही. ख्रिस्ती धर्मात विश्वास आणि प्रीती यांच्या जोडीला आशेला फार मोठे स्थान आहे. मी ख्रिस्ती नाही. पण अशा ढिगाऱ्यापुढे ती आशा कशी टिकते, हा प्रश्न माझाही आहे. त्याचे उत्तर शोधताना मला पंडिता रमाबाई आठवतात.

रमाबाईंना दुःख सांगोवांगीचे नव्हते. १८७०च्या दशकातील दुष्काळात त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण गेली. पुढे भाऊ गेला. १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी वारले, तेव्हा लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती आणि पदरात तान्ही मनोरमा होती. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. धर्म बदलला म्हणून दुःखे थांबली, असे मात्र झाले नाही. १८८९ मध्ये मुंबईत सुरू केलेले शारदा सदन पुढे पुण्यात आले. १८९३ मध्ये धर्मांतराच्या वादात अनेक पालकांनी आपल्या मुली तिथून काढून नेल्या. हातचे काम विस्कटले.

१८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना व विधवांना घेऊन आल्या. ज्या भुकेने आपले घर नेले, त्याच भुकेच्या दारात त्या पुन्हा उभ्या राहिल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शिक्षणाबरोबर विणकाम, छपाई अशी कामे मुली शिकल्या. आशा म्हणजे तिथे रोजचा स्वयंपाक, रोजची शाळा आणि रोजचा माग होता.

शेवटची अनेक वर्षे रमाबाई मूळ हिब्रू व ग्रीकवरून मराठी बायबल सिद्ध करीत होत्या. त्या बायबलात ‘विलापगीत’ नावाचे एक अख्खे पुस्तक आहे. उद्ध्वस्त झालेल्या यरुशलेम नगराबद्दलचा तो आक्रोश. म्हणजे आशेच्या ग्रंथातच रडण्याला हक्काची जागा आहे! १९२१ मध्ये मनोरमाही गेली. आईने कामाचे कागद मिटले नाहीत. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. १९२४ मध्ये ते बायबल प्रसिद्ध झाले.

रमाबाईंकडून मी एवढे शिकलो : निराश होणे हा अश्रद्धपणा नव्हे, आणि आशा म्हणजे डोळे मिटून घेणेही नव्हे. किल्लारीनंतर बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. ज्यांनी तिथे दारापुढे पुन्हा रोपटे लावले, ते आपली माणसे विसरले नव्हते. रडून झाल्यावर, कधी रडता रडताच, त्यांनी त्याला पाणी घातले. आशेचे याहून खरे रूप मला तरी ठाऊक नाही.