‘ही कॅन’ आणि ‘स वेद’

आठवीत ‘ही कॅन्स’ असं लिहिलं म्हणून मी हातावर फुटपट्टी खाल्ली आहे. ‘ही’, ‘शी’, ‘इट’ आलं की क्रियापदाला एस लावायचा, हे ज्या सरांनी घोकून घेतलं होतं त्यांचीच ती फुटपट्टी. मी इमानदारीत एस लावला होता. ‘‘कॅनला लागत नाही,’’ सर म्हणाले. का नाही लागत, याचं उत्तर होतं, ‘‘नसतो.’’

तीस वर्षांनी मुलीनं तोच प्रश्न विचारला आणि माझ्याही तोंडून ‘नसतो’ निघणार होतं. त्याच सुमारास एका जुन्या संस्कृत व्याकरणात ‘विद्’ धातूचा तक्ता समोर आला. विद् म्हणजे जाणणे. ‘तो जाणतो’ याला ‘स वेत्ति’ म्हणतात, हे ठाऊक होतं. पण शेजारी आणखी एक ओळ होती : ‘स वेद’. आणि ‘मी जाणतो’ याला ‘अहं वेद’. ‘मी’लाही वेद, ‘तो’लाही वेद, फरक शून्य. आय कॅन, ही कॅन!

हा योगायोग असता तर हा लेख इथेच संपला असता.

‘वेद’ हे रूप वर्तमानाचं नाहीच. चकार, जगाम, ददर्श ही परोक्ष भूतकाळाची म्हणजे लिट् लकाराची रूपं आपण सुभाषितांत ऐकतो. ‘वेद’ त्यांच्याच वळणाचं आहे, फक्त आरंभीच्या अक्षराची द्विरुक्ती त्यात नाही. रूप भूताचं, अर्थ वर्तमानाचा. पाणिनीच्या नजरेतून हे सुटलं नाही. तिसऱ्या अध्यायाच्या चौथ्या पादातल्या ८३व्या सूत्रात विद् धातूला वर्तमानातही लिटाचे प्रत्यय चालतील, अशी सोय त्यानं करून ठेवली आहे. सोय केली, कारण दिलं नाही. माझ्या सरांच्या आणि पाणिनीच्या पद्धतीत एवढं साम्य आहेच.

कारण मात्र मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नसावी. पोटात कावळे ओरडत असताना आपण म्हणतो, ‘भूक लागली.’ लागली? कधी? काल? अर्थ असतो आत्ताचा. ‘दमलो’, ‘कळलं’, ‘समजलं’ ही सगळी रूपं भूताची, स्थिती वर्तमानाची. एखादी गोष्ट घडून गेली आणि तिचा परिणाम अंगावर उरला, एवढंच ती सांगतात. ‘वेद’चंही तसंच. विद्चं मूळ पाहण्याशी जोडलेलं आहे; पाहून झालं, म्हणून आता ठाऊक आहे. याच शब्दाचा जुन्या इंग्रजीतला सख्खा भाऊ ‘वाट’. आय वाट, ही वाट, म्हणजे मी जाणतो, तो जाणतो. पुढे तो ‘वॉट’ झाला आणि मग विस्मरणात गेला. त्याच साच्यातली कॅन, मे, शॅल आणि मस्टचा पूर्वज ‘मोट’ ही मंडळी मात्र टिकली. तिसऱ्या पुरुषाचा एस हा वर्तमानाच्या रूपांचा मान. ज्यांची घडणच भूतकाळी, त्यांना तो कसा मिळणार? ‘ही सँग्ज’ असं कोणी म्हणत नाही, म्हणून ‘ही कॅन्स’ही नाही.

(‘विल’ या पंगतीत उशिरा येऊन बसला. त्याचं रूप जुन्या इच्छार्थाचं, आपल्या ‘वर’, ‘वरणे’मधल्या वृ धातूच्या नात्यातलं. एस त्यालाही नाही, पण कारण वेगळं.)

आता कॅनचं घराणं. जुन्या इंग्रजीत ‘कुनन’ म्हणजे जाणणे, आणि हा आपला ‘ज्ञा’ होय. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळाच्या असाव्यात असं सांगितलं, आणि १८२२ साली याकोब ग्रिमनं व्यंजनं कशी बदलत गेली याचे नियम मांडले. त्यांतला आपल्या कामाचा भाग असा की संस्कृतात जिथे मूळचा ज, तिथे इंग्रजीत क. जन आणि किन. जानु आणि नी, म्हणजे गुडघा. त्यातला के आता मुका झाला असला तरी स्पेलिंगात बसून आहे. ज्ञा आणि नो, तिथेही तोच मुका के. आणि कॅन. ‘कनिंग’ म्हणजे मुळात जाणता. धूर्तपणा नंतर चिकटला. सर्वांत लाडकं उदाहरण ‘अनकूथ’. आज त्याचा अर्थ अडाणी, रांगडा. पण ‘अन’ म्हणजे आपला ‘अ’, ‘कूथ’ म्हणजे ‘ज्ञात’. अनकूथ म्हणजे अक्षरशः अज्ञात! अनोळखी माणूस रांगडाच असणार, हे इंग्रजांनी परस्पर ठरवून टाकलं.

इथे एक तंटा आहे. कॅन खरोखर ‘वेद’सारखा जुन्या लिटातून आला, की त्यानं नुसतं वळण उचललं? एक पक्ष त्याला सरळ त्या साच्यातला मानतो. दुसऱ्याचं म्हणणं असं की ‘कुनन’मध्ये जोड न आहे आणि ‘जानाति’मध्येही न आहे, हा न मूळ धातूत नसून वर्तमान रूप बनवताना घातलेला. म्हणजे कॅन जन्मानं वर्तमानाचाच, ‘जानाति’चा भाऊ, नंतर ‘वाट’च्या संगतीत राहून त्यानं तिसऱ्या पुरुषाचा प्रत्यय टाकला. मी दुसऱ्या पक्षात आहे. अर्थ एक असलेले शब्द एकमेकांचे कपडे घालतात, यात नवल नाही, आणि ‘कॅन’नं ही चोरी पुढेही केली आहे. ‘कुड’च्या स्पेलिंगातला एल बघा. मूळ रूप ‘कूड’, त्यात एल औषधालाही नव्हता. ‘शुड’ आणि ‘वुड’मध्ये तो हक्कानं होता, कारण शॅल आणि विलमध्ये तो आहे. शेजाऱ्यांचं बघून पंधराव्या-सोळाव्या शतकात कुडनंही एल लावून घेतला, आणि तेव्हापासून पोरं त्याचं स्पेलिंग चुकवतात. ज्याचा एल उसना, त्याचं एस नसणंही उसनं असेल.

जाणणारा ‘कॅन’ शकणारा कसा झाला? ‘पोहणं जाणतो’ वरून ‘पोहता येतं’ हे अंतर फार नाही. जर्मनमध्ये आजही ‘एर कान डॉइच’ म्हणजे त्याला जर्मन येतं. जुन्या इंग्रजीत दोन खाती वेगळी होती : विद्येचं काम कॅनकडे, ताकदीचं मेकडे. मराठीनं हा भेद जपला आहे. ‘मला पोहता येतं’ ही विद्या. ‘आज ताप आहे, पोहू शकत नाही’ ही ताकद. इंग्रजीत मात्र कॅननं ताकदीचं खातंही गिळलं आणि मे बेकार झाला.

मे बेकार होण्याआधी पैलवान होता. ‘माइट’ म्हणजे बळ, ते त्याच्याच घरचं. हे वाचल्यावर मी लगेच वहीत लिहिलं : ‘मे म्हणजे महा!’ आणि चार दिवस त्या आनंदात होतो. मग ग्रिम आडवा आला. ‘महत्’चा इंग्रजी चुलतभाऊ ‘मच’ आहे. त्याचं जुनं रूप ‘मिचेल’, आणि स्कॉटिश ‘मकल’मध्ये त्याचा क अजून शाबूत आहे. ‘मे’च्या जुन्या ‘मागन’मध्ये ग आहे. मूळ व्यंजनं वेगळी, म्हणून घराणी वेगळी. ग्रिमच्या नियमानं ‘मागन’ला संस्कृतात भाऊ शोधायचा तर घ हवा. आणि घ असलेला शब्द आहे : मघ. त्यावरून मघवा, म्हणजे साक्षात इंद्र.

प्राचीन व्युत्पत्तिकार यास्काला हे पटणार नाही. निरुक्तात त्यानं मघ म्हणजे धन असं सांगून ते दान अर्थाच्या ‘मंह्’ धातूपासून काढलं आहे. मघवा म्हणजे देणारा. ऋग्वेदात मघ बहुधा देणगीच्याच संदर्भात येतो, हे यास्काच्या बाजूनं. पण ज्याच्या हाती काही आहे तोच देतो, आणि सामर्थ्य, ऐपत, धन ही वाट भाषांना सरावाची आहे. आपण ‘त्याची ताकद नाही’ हे पैशाबद्दलच तर म्हणतो. शिवाय याच इंद्राचं दुसरं नाव शक्र, ते ‘शक्’वरून, ज्यावरून आपलं ‘शकणे’. एक नाव शकणेच्या घरचं, दुसरं मेच्या घरचं! दोन्ही अमरकोशात एकाच देवाच्या नावांत बसलेली. पुरावा म्हणून हे लंगडं आहे, मान्य. तरी मघा नक्षत्राचा पाऊस लागला की मला आता ‘मे’ आठवतो.

पुढचं भराभर. बळ गेलेला मे शक्यतेकडे आणि परवानगीकडे वळला. परवानगीचं काम आधी ‘मोट’ करायचा; त्याचं भूतरूप ‘मस्ट’ झालं आणि मुभेची सक्ती बनली. शॅलचा मूळ अर्थ ऋणी असणे. ‘पन्नास रुपये देणं लागतो’ आणि ‘जावं लागतं’ यांत आपणही एकच क्रियापद वापरतो, तेव्हा हसायचं कारण नाही. एकोणिसाव्या शतकात कॅननं परवानगीतही हात घातला. तेव्हापासून मास्तर लोक मेची बाजू लढवत आहेत. आमचेही सर ‘कॅन आय गो’ विचारलं की, ‘‘पाय आहेत ना, मग जाऊ शकतोस,’’ म्हणत आणि जागेवर बसवून ठेवत.

मराठीत ‘जाऊ का?’ पुरत होतं. हल्ली ‘मी आत येऊ शकतो का?’ ऐकू येतं. काही जण याचा दोष हिंदीला देतात, ‘क्या मैं अंदर आ सकता हूँ’ला. मला हिंदी इथे फक्त हमाल वाटते. माल कॅनच्या वखारीतला. बँकेतून फोन येतो, ‘मी आपली काय मदत करू शकते?’, त्यात तर हमालीचाही वास नाही, थेट भाषांतर आहे.

विनंतीत मात्र इंग्रजी जे करते ते आपण कोणाकडून शिकलो नाही. ‘कॅन यू’ पेक्षा ‘कुड यू’ नम्र, कारण तो भूतकाळ. मागणी आत्ताची, पण काळ एक पाऊल मागे सरकवला की समोरच्याला नाही म्हणायला जागा मिळते. परवाच शेजारच्या काकू वाटी घेऊन दारात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, ‘‘थोडी साखर हवी होती.’’ गॅसवर त्यांचा चहा उकळत होता.