नदीपलीकडे गेलेला देव

निपाणीहून मामा आले की जुने गोवे दाखवणं हा आमच्या घरचा ठरलेला कार्यक्रम. बॉम जेझूसचं चर्च, बसगाड्यांच्या रांगा, टोप्या विकणारे, फोटो काढणारे... तासाभरात मामा कंटाळले. "निवांत असं काही नाही का रे इथं?" म्हणाले. व्हाइसरॉयच्या कमानीखालून गाडी सरळ फेरीच्या धक्क्यावर नेली. समोरच दिवाडी बेट.

मांडवी ओलांडायला काही मिनिटं पुरतात. पलीकडे खाजनांमधून जाणारा रस्ता, शेतात बगळे, ओसऱ्यांची जुनी घरं आणि टेकडीवर पिएदादचं चर्च. तिथून जुन्या गोव्याचे घुमट दिसतात, गर्दीचा आवाज मात्र येत नाही.

"सप्तकोटेश्वराचं देऊळ कुठं आहे?" मामांनी विचारलं.

हे नाव त्यांना ठाऊक असणारच. खानापूर तालुक्यातली हलशी ही गोव्याच्या कदंबांची दुसरी राजधानी, आणि तिथल्या भूवराह नरसिंह मंदिरात मामा कितीदा तरी गेलेले. बाराव्या शतकातल्या शिवचित्त परमर्दिदेवाचा शिलालेख तिथे आहे. त्याची राणी कमलादेवी. तिने बांधवलेलं कमलनारायणाचं देऊळ कित्तूरजवळ देगावला आहे. या राजांचं कुलदैवत मात्र इथलं, दिवाडीचं. सप्तकोटेश्वराच्या कृपेने वर मिळालेले असं बिरुद ते आपल्या सोन्याच्या नाण्यांवर कोरत. म्हणजे हलशीच्या बाजारात फिरणाऱ्या नाण्यावर या बेटावरचा देव होता!

"देऊळ नाही मामा. नुसती जागा आहे."

चौदाव्या शतकात बहामनी फौजांनी ते पाडलं. विजयनगरच्या माधव मंत्र्याने पुन्हा उभारलं. १५१० साली आफोन्सो द आल्बुकेर्कने गोवा घेतला आणि सोळाव्या शतकाच्या मध्यास तिसवाडीतली देवळं पाडली गेली, त्यात हेही गेलं. लिंग विहिरीच्या कामाला लावलं होतं, तिथून भाविकांनी रातोरात काढून नदीपार नेलं, असं सांगतात. गावातले बरेच लोक ख्रिस्ती झाले, काहींनी बेट सोडलं. आज जाणवते ती शांतता नुसती निसर्गाची नाही, हे इथे उभं राहिल्यावर कळतं.

बेटाच्या दुसऱ्या टोकाला पुन्हा फेरी. पलीकडे डिचोली तालुक्यातलं नार्वे. आज हा पाच मिनिटांचा प्रवास, पण त्या काळी ही नदी म्हणजे सरहद्द होती. अलीकडे पोर्तुगीज, पलीकडे आदिलशाही. देव सरहद्द ओलांडून गेला म्हणून वाचला. पुढे शिवाजी महाराजांनी तिथे देऊळ बांधवलं. दारावरच्या शिलालेखात शके १५९० आहे, म्हणजे १६६८ चा नोव्हेंबर. डिचोली पोर्तुगीजांकडे गेली ती १७८१ साली, तोवर त्यांचं धर्माबाबतचं धोरण सौम्य झालं होतं. देऊळ टिकलं. अलीकडेच, २०२३ मध्ये, त्याचा जीर्णोद्धारही झाला.

फेरीत मामा कठड्याला धरून उभे होते. "म्हणजे देव पलीकडे गेला आणि गाव अलीकडेच राहिलं?"

"हो."

"आमचं उलटं झालं बघ. आम्ही हललोच नाही. सरहद्दच हलली."

१ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. चंदगड तालुका तेवढा इकडे राहिला. मामा तेव्हा शाळकरी पोर. तेच घर, तीच तंबाखूची वखार, तीच शाळा, पण राज्य दुसरं. त्यावर ते एरवी तासभर बोलतात. त्या दिवशी एवढंच बोलले.

मला वाटतं, हलशी कर्नाटकात, दिवाडी गोव्यात, अशी आपण आज वाटणी केली तरी कदंबांचं नाणं दोन्हीकडचं असतं. इतिहास वाचताना नकाशा थोडा वेळ घडी करून ठेवावा.

नार्व्याच्या देवळात मामांनी नारळ ठेवला. भटजींनी विचारलं, "खंयचे तुमी?"

"निपाणीचा," मामा म्हणाले. राज्य सांगितलं नाही. भटजींनीही विचारलं नाही.