सतरा वर्षांखालचे सार्जंट

शब्बाथ शाळेतला मुलगा बारा-तेरा वर्षांचा झाला की आधी मागच्या बाकावर सरकतो, मग दाराजवळ, मग दाराबाहेर. नाताळच्या नाटकात मेंढपाळाला खोटी दाढी लावायची गरज उरली नाही, की तो मेंढपाळ पुढच्या वर्षी तालमीला येत नाही. मी हायस्कुलात गणित शिकवायचो, एनसीसीची तुकडी सांभाळायचो आणि रविवारी मंडळीत मोठ्या मुलांचा वर्ग घ्यायचो. रविवारी ज्यांना घरून बोलावून आणावं लागे, तीच पोरं कवायतीच्या दिवशी ब्रासोने पट्ट्याचं पितळ घासून, माझ्या आधी मैदानावर हजर असत. हाच चमत्कार ग्लासगोच्या एका तरुण व्यापाऱ्याने माझ्या कितीतरी आधी पाहिला होता, आणि त्याने त्यातून संस्था उभी केली.

विल्यम अलेक्झांडर स्मिथ. जन्म 1854 चा, स्कॉटलंडच्या पार उत्तर टोकाला, थर्सोजवळचा. वडील वारल्यावर पोरवयातच तो ग्लासगोला मामांच्या व्यापारी पेढीवर आला. पुढे स्वयंसेवक सैनिकांच्या लॅनार्कशायर पलटणीत दाखल झाला. मामांना सैनिकी प्रकार मुळीच पसंत नव्हता, पण भाच्याने ऐकलं नाही. चर्च होतं फ्री चर्चचं, कॉलेज चर्च. तिथले पाळक जॉर्ज रीथ. त्यांचा मुलगा जॉन पुढे बीबीसीचा पहिला प्रमुख झाला. आणि हे फ्री चर्च आपल्याला परकं नाही. मुंबईचे जॉन विल्सन याच चर्चचे, आणि जालन्याजवळ बेथेल वसवणारे नारायण शेषाद्रीही.

कॉलेज चर्चने नॉर्थ वुडसाइड या कामकऱ्यांच्या वस्तीत एक मिशन चालवलं होतं. तिथल्या शब्बाथ शाळेत स्मिथ शिकवत असे. वर्गातली मोठी मुलं म्हणजे निव्वळ दंगा. 1872 च्या कायद्याने स्कॉटलंडात शाळा सक्तीची होती ती तेराव्या वर्षापर्यंत. पुढे पोरगा कामाला लागे, खिशात चार पेन्स खुळखुळत, आणि त्याच मुलाने रविवारी धाकट्या भावंडांसोबत बसून सुवर्णवचनं म्हणायची! तरुणांसाठी वायएमसीएची शाखा होती, पण तिथे सतराव्या वर्षाच्या आत प्रवेश नाही. मधल्या चार वर्षांतला मुलगा कुणाचाच नव्हता. गळती नेमकी तिथेच होती.

4 ऑक्टोबर 1883 रोजी स्मिथने हिल आडनावाच्या दोघा भावांना हाताशी धरून मिशनच्या हॉलमध्ये बॉइज ब्रिगेड सुरू केली. वय बारा ते सतरा. बोधचिन्ह नांगर, गलबताचा. तो इब्री लोकांस पत्राच्या सहाव्या अध्यायातून घेतलेला. गणवेश कमी खर्चाचा: रोजच्याच कपड्यांवर गोल चपटी टोपी, कमरेला पट्टा, खांद्यावरून पांढरी झोळी. हातात लाकडी, खोट्या बंदुका. कवायतीची सुरुवात आणि शेवट प्रार्थनेने, आणि रविवारी पवित्र शास्त्राचा वर्ग. उशिरा आलेल्याला रांगेत घेत नसत. सुरुवातीला पन्नासाहून अधिक मुलं जमली होती. शिस्त पाहून त्यातली बरीच गळाली. स्मिथने त्यांच्यासाठी नियम सैल केले नाहीत.

बहुतेक लोक ब्रिगेडचं यश कवायतीच्या खात्यावर मांडतात. मला ते पटत नाही. डाव्या-उजव्या पायाचं अप्रूप महिनाभर टिकतं, पुढे कंटाळा. टिकते ती दंडावरची फीत. स्मिथने लान्स कॉर्पोरल, कॉर्पोरल, सार्जंट मुलांमधूनच नेमले आणि त्यांच्या हाती लहान तुकड्या दिल्या. पंधरा वर्षांच्या सार्जंटला आता दांडी मारता येत नव्हती, कारण त्याची हजेरी घेणारा कुणी मोठा होता म्हणून नव्हे, तर इतरांची हजेरी तोच घेत होता म्हणून. माझ्या तुकडीतल्या एका पोराने आपली पहिली फीत स्वतःच, काळ्या दोऱ्याने, तिरकी शिवली होती. उसवून सरळ शिव म्हटलं तर तयार होईना. एवढ्या वेळात ती दंडावर नसेल, ही त्याची अडचण! त्या दिवसापासून धाकट्यांचे बूट तपासायचं काम मला करावं लागलं नाही. मंडळीतल्या वर्गात मात्र याच वयाच्या मुलांना आम्ही खुर्च्या मांडायला लावायचो आणि सेवा म्हणायचो.

ब्रिगेड वाढली. 1886 च्या उन्हाळ्यात मुलांना क्लाइडच्या खाडीपलीकडे टायनाब्रुआइखला शिबिरासाठी नेलं. स्मिथने पुढे धंदा सोडला आणि पूर्ण वेळ ब्रिगेडचा सचिव झाला. टीकाही झाली, आणि ती काही पोकळ नव्हती: देवाच्या घरात बंदूक कशाला, लाकडी का असेना? स्मिथचं उत्तर असं की कवायत हे साधन आहे. उत्तर थोडं सोयीचं वाटतं. पण 1909 नंतर सरकारने मुलांच्या संघटनांना सैन्याच्या कॅडेट योजनेत ओढायला घेतलं, तेव्हा ब्रिगेडने नकार दिला. हे तिच्या बाजूने सांगायलाच हवं.

याच ब्रिगेडची संचलनं पाहून, पुढे स्काउट चळवळ उभी करणाऱ्या बेडन-पॉवेल यांना आपलं सैनिकी टेहळणीचं पुस्तक मुलांसाठी नव्याने लिहायची प्रेरणा मिळाली. 1907 मध्ये ब्राउनसी बेटावर त्यांनी पहिलं प्रायोगिक शिबिर भरवलं. त्यातली बरीच मुलं बोर्नमथ आणि पूलच्या ब्रिगेडमधली. चार टोळ्या, प्रत्येक टोळीला मोठा मुलगा नायक. स्मिथची फीत इथे टोळीनायकाच्या काठीवरचं निशाण झाली, एवढंच. शाळेत ज्यांनी स्काउटचा रुमाल बांधला त्यांनी ही पद्धत अनुभवलीच आहे.

स्मिथला 1909 मध्ये सर ही पदवी मिळाली. 1914 च्या मे महिन्यात लंडनमध्ये तो वारला. पुढे महायुद्धात ब्रिगेडची जुनी मुलं मोठ्या संख्येने गेली आणि खोट्या बंदुकांचा उत्साह ओसरला. 1926 मध्ये बॉइज लाइफ ब्रिगेड ही जीव वाचवण्याचे धडे देणारी, बंदुकांना हात न लावणारी संघटना बॉइज ब्रिगेडमध्ये विलीन झाली, तेव्हा लाकडी बंदुका कायमच्या खाली ठेवल्या. कॉर्पोरल आणि सार्जंट ही पदं मात्र कुणी रद्द करायची गोष्ट काढली नाही, आणि सतरा ओलांडलेल्यांतून अधिकारी घडवायची चालही तशीच राहिली.