ट्रॅक्टरचा भरवसा



कल्याण सोडून कर्जतच्या बाजूस निघालेली लोकल विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ हीं स्थानकें मागें टाकीत बदलापुरास येते, तेव्हां खिडकींतून पाहणाऱ्यास इमारतींवांचून फारसें कांहीं दिसत नाहीं. परंतु बदलापूरच्या पुढें उल्हास नदीच्या कांठाकांठानें आषाढांत भाताचीं खाचरें अद्याप भरतात, आणि तेथें बैलांच्या घुंगरांऐवजीं बहुधा इंजिनाचाच आवाज कानीं येतो. माझ्या एका बदलापूरकर स्नेह्यांची वडिलोपार्जित चार एकर भातजमीन याच पट्ट्यांत आहे. ते स्वतः मुंबईस नोकरीला असतात. शेती धाकटे बंधु पाहतात. दोन वर्षांपूर्वीं एका रविवारीं ते छापील माहितीपत्रकांचा गठ्ठा घेऊन मजकडे आले आणि म्हणाले, "तुम्ही इतिहासाचे अभ्यासक. यांतलें कोणतें यंत्र पंचवीस वर्षें टिकेल, तेवढें सांगा." हा प्रश्न मिस्त्रीला विचारावा, असें मीं म्हटलें. "मिस्त्री आजचें सांगतो," ते म्हणाले, "मला पंचवीस वर्षांनंतरचें हवें आहे."

या बोलण्यामागें एक जुनी जखम होती. त्यांच्या काकांनीं पूर्वीं कर्ज काढून एक ट्रॅक्टर घेतला होता. ऐन चिखलणीच्या दिवसांत त्याच्या मागच्या आंसाचें एक रबरी सील गेलें. खाचरांतलें पाणी गियरच्या तेलांत शिरलें आणि तेल ताकासारखें पांढुरकें झालें. सील तळहातावर मावेल एवढें. पण विक्रेता एकोणीस दिवस "माल वाटेंत आहे" हेंच सांगत राहिला. भाताचें रोप इतके दिवस थांबत नाहीं. राबांतलें रोप तीन-चार आठवड्यांचें झालें कीं तें खाचरांत गेलें पाहिजे. त्यापुढें जून झालेल्या रोपाला फुटवे कमी येतात आणि उतारा घटतो. त्या सालीं निम्मी जमीन पड राहिली. कर्जाचा हप्ता मात्र पड राहिला नाहीं. पुढें दोन वर्षांनीं ट्रॅक्टर विकला गेला, आणि काका त्या विषयावर बोलेनासे झाले.

तेव्हां स्नेह्यांच्या प्रश्नाचें उत्तर मीं माझ्या पद्धतीनें, म्हणजे जुनीं पानें चाळून, शोधूं लागलों. जें सांपडलें तें आज आपणांसमोर मांडतों.

आपल्याकडे शेतीच्या लोखंडी अवजाराची कथा ट्रॅक्टरच्या पुष्कळ आधीं सुरू होते. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं बेळगांवांत सायकलींचें दुकान काढलें तें १८८८ सालीं, आणि लोखंडी नांगर बनविला तो विसाव्या शतकाच्या अगदीं आरंभीं. लोखंडानें जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिला नांगर खपावयास सुमारें दोन वर्षें लागलीं, ही हकीकत आपण बहुतेकांनीं कोठें ना कोठें वाचली आहे. ती शेतकऱ्याच्या अडाणीपणाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. मला ती तशी वाटत नाहीं. लाकडी नांगर मोडला तर गांवचा सुतार तो दुपारपर्यंत उभा करून देई. त्याचें बलुतें ठरलेलें असे. लोखंडी नांगराचा फाळ झिजला तर कोणाच्या दारीं जावयाचें? विषाची भाषा बाजूला ठेवली, तर त्या शेतकऱ्याच्या मनांतला खरा प्रश्न हाच असावा, असें माझें मत आहे. १९१० मध्यें औंध संस्थानांत कुंडलजवळच्या उजाड माळावर किर्लोस्करवाडी वसली, आणि फाळ ओतणारी भट्टी विलायतेंतून निघून शेतकऱ्याच्या जिल्ह्याशेजारीं आली. १९२० सालीं निघालेली 'किर्लोस्कर खबर' मुळांत कारखान्याची हालहवाल गिऱ्हाइकांस कळविण्यासाठींच होती. नांगर विकल्यावर गिऱ्हाइकाशीं संबंध संपत नाहीं, ही जाण त्या घराण्यास होती. आपल्या वाङ्मयांतल्या एका नामांकित मासिकाचा जन्म नांगराच्या पोटीं झाला, हें जातां जातां लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

याच काळांत समुद्रापलीकडे हाच प्रश्न ट्रॅक्टरच्या रूपानें उभा राहिला, आणि त्याचें उत्तर कायद्यानें दिलें गेलें. अमेरिकेंतील नेब्रास्का संस्थानांत विल्मट क्रोझियर नांवाचे एक शेतकरी होते. त्यांनीं 'फोर्ड' नांवाचा एक ट्रॅक्टर घेतला. हा फोर्ड मोटारवाल्या हेन्री फोर्डचा नव्हे. मिनिआपोलिसच्या एका कंपनीनें फोर्ड आडनांवाचा एक माणूस हाताशीं धरून तें वजनदार नांव मिळविलें होतें. खऱ्या फोर्डला पुढें आपल्या ट्रॅक्टरवर 'फोर्डसन' असें लिहावें लागलें, तें बव्हंशीं यामुळेंच. क्रोझियर यांचें यंत्र निकामी ठरलें. दुसरें घेतलें, तेंहि तसेंच निघालें. तिसरें घेतलें, तें मात्र कंपनीनें सांगितल्यापेक्षांहि अधिक काम देऊं लागलें. सांगितलेलें आणि असलेलें यांत एवढें अंतर असूं शकतें, हें ध्यानीं आल्यावर हा गृहस्थ विधिमंडळांत गेला, आणि १९१९ सालीं त्यानें एक कायदा मंजूर करून घेतला. त्या संस्थानांत विकावयाचा प्रत्येक नमुना आधीं विद्यापीठानें तपासलेला असला पाहिजे, असें त्यांत ठरलें. १९२० मध्यें लिंकन येथें पहिली तपासणी पूर्ण झाली, ती 'वॉटर्लू बॉय' या ट्रॅक्टरची. परंतु या कायद्याचें दुसरें कलम मला अधिक मोलाचें वाटतें. विक्रेत्या कंपनीनें सुट्या भागांचा पुरेसा साठा शेतकऱ्यास वेळेवर मिळेल इतक्या अंतरावर ठेवला पाहिजे, असें तें कलम होतें. आमच्या काकांच्या एकोणीस दिवसांचा विचार नेब्रास्कांत शंभर वर्षांपूर्वींच झाला होता.

आतां पुन्हां उल्हासच्या खोऱ्यांत येऊं. १९४५ सालीं महायुद्ध संपलें, आणि कल्याणजवळची लष्कराची छावणी ओस पडली. फाळणीनंतर तेथल्या बराकींत सिंधमधून आलेलीं निर्वासित कुटुंबें उतरलीं, आणि १९४९ मध्यें त्या वसाहतीस उल्हासनगर हें नांव मिळालें. युद्धाच्या उरल्यासुरल्या सामानांतून नवें जीवन उभारण्याचा आणखी एक प्रयोग याच वेळीं मध्य हिंदुस्थानांत चालला होता. अमेरिकन सैन्यानें मागें ठेवलेले अवजड, साखळपट्ट्यांवर चालणारे ट्रॅक्टर हातीं घेऊन १९४७ मध्यें केंद्रीय ट्रॅक्टर संघटना स्थापन झाली. तिचा शत्रु कांस नांवाचें गवत होता. याचीं मुळें जमिनींत इतकीं खोल पसरतात, कीं बैलाच्या नांगरानें तीं तुटतात पण मरत नाहींत, उलट तुकड्यातुकड्यांतून नवा कोंब येतो. फूटभर खोल नांगरून तीं मुळें उन्हाळ्याच्या तापांत उघडीं टाकणें, हा उपाय. त्याला प्रचंड ताकदीचें यंत्र लागे, आणि तें यंत्र संघटनेपाशीं होतें. पण तें युद्धांत राबून झिजलेलें, आणि त्याचे भाग सातासमुद्रांपलीकडे. १९४९ मध्यें जागतिक बँकेनें हिंदुस्थानास जीं अगदीं पहिलीं कर्जें दिलीं, त्यांपैकीं एक कोटी डॉलरचें कर्ज याच कामाकरितां नवे ट्रॅक्टर घेण्यासाठीं होतें. फुकटांत पडलेलें यंत्र शेवटीं किती महाग पडतें, त्याचें यापेक्षां ठळक उदाहरण मला सांपडलें नाहीं. तीच छावणी, तेंच युद्ध; पण बराकीला डागडुजी करावयास गवंडी गल्लींत मिळाला, ट्रॅक्टरला मिस्त्री मिळाला नाहीं.

मिस्त्री तयार करावे लागतात, हें त्यानंतर सरकारच्या ध्यानीं आलें. मध्य प्रदेशांत नर्मदेच्या कांठीं बुदनी येथें १९५५ मध्यें ट्रॅक्टरचें शिक्षण देणारें केंद्र निघालें, आणि पुढें तेथेंच यंत्रांची तपासणीहि होऊं लागली. आज नवा ट्रॅक्टर घेणारास बुदनीचा अहवाल वाचतां येतो. त्यांत ताकद व डिझेलचा खर्च यांबरोबरच भाग उलगडून पाहिल्यावर आढळलेली झीजहि नोंदलेली असते. रंगीत माहितीपत्रक बाजूस सारून हा रुक्ष अहवाल जो वाचील, त्याचें निम्में काम झालें. माझ्या स्नेह्यांस मीं तो वाचावयास लावला, तेव्हां त्यांनीं प्रथम नाक मुरडलें.

देशांत ट्रॅक्टर बनूं लागला तो १९५९ सालीं, फरिदाबादेस आयशर कंपनीच्या कारखान्यांत. आपल्या मुंबईजवळचा अध्याय त्यानंतरचा. १९६३ मध्यें महिंद्र आणि महिंद्र, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्व्हेस्टर आणि व्होल्टास या तिघांनीं मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया स्थापिली, आणि कांदिवलीच्या कारखान्यांतून 'बी-२७५' हा ट्रॅक्टर बाहेर पडूं लागला. त्याचा मूळ आराखडा इंग्लंडांतला, सुमारें पस्तीस अश्वशक्तीचा, दिसावयास अगदीं साधा. १९७७ सालीं ही कंपनी महिंद्रमध्यें विलीन झाली. २७५ हा आंकडा मात्र पुढेंहि तिच्या ट्रॅक्टरच्या नांवांत कायम राहिला. त्या आंकड्याचें महत्त्व आपण शहरांतले लोक ओळखीत नाहीं. नमुना एकाच वंशाचा पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिला, कीं तालुक्याच्या दुकानांत त्याचे भाग असतात, मिस्त्रीच्या बोटांना त्याची संवय असते, आणि मोडीत निघालेल्या एका यंत्राचें अवयवदान दहा यंत्रांस होतें. दरसाल नवा नमुना काढणारा कारखाना गिऱ्हाइकास नवेपणा देतो, पण जुन्या गिऱ्हाइकास अनाथ करतो.

मग स्नेह्यांनीं हाच ट्रॅक्टर घ्यावा काय? येथें इतिहासापेक्षां भूगोल मोठा ठरला. किर्लोस्करांचा नांगर पसरला तो घाटावरच्या काळ्या, कठीण रानांत. उल्हासच्या खोऱ्यांत खाचरें लहान, बांध जवळजवळ, आणि चिखलणी गुडघाभर पाण्यांत. येथें मोठा ट्रॅक्टर वळण्यांतच वेळ घालवितो, बांध ढांसळवितो, आणि टायरांना लोखंडी पिंजऱ्याचीं चाकें जोडलीं नाहींत तर आपल्याच वजनानें रुततो. काकांचें सील गेलें त्याला विक्रेता एकटाच जबाबदार नव्हता. कोरड्या रानाच्या यंत्राला त्यांनीं चिखलांत उभें केलें होतें, आणि सबंध हंगामांत तेलाची परीक्षा एकदांहि केली नव्हती. या जमिनीला जपानी धर्तीचें दोन चाकांचें, मागून चालत धरावयाचें यंत्र अधिक मानवतें. त्याला आपल्याकडे पॉवर टिलर म्हणतात. १९६७ मध्यें स्थापन झालेल्या बंगळूरच्या एका कारखान्यानें मित्सुबिशीच्या, आणि १९७३ मध्यें स्थापन झालेल्या केरळ सरकारच्या कारखान्यानें कुबोटाच्या साहाय्यानें तें येथें बनविलें. कर्जतच्या भात संशोधन केंद्रांत जाऊन विचारा, एवढेंच मीं पुढें सुचविलें.

दुरुस्तीच्या बाबतींत मात्र हें खोरें भाग्यवान आहे. अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत लेथ चालविणारे हात मुबलक आहेत. झिजलेली पिन किंवा बुश ते मापानें कातून देतात. उल्हासनगरच्या मालावरील 'यू. एस. ए.' हीं अक्षरें म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', हा जुना विनोद आपण ऐकलाच असेल. मला तो अर्धाच पटतो. रिकाम्या हातानें आलेल्या माणसांनीं जें मिळेल त्यांतून जें लागेल तें बनविण्याची जी विद्या कमावली, तिची त्यांत थट्टाहि आहे आणि दादहि. पण तेलाचा गाळणीकागद, डिझेलचा फवारा सोडणारें नॉझल आणि तें कुप्रसिद्ध सील, या तीन वस्तूंत हुबेहूब नक्कल घेऊं नये. त्या वरून सारख्या दिसतात, आणि त्यांच्यांतला फरक इंजिन उघडल्यावरच कळतो. बाकी निगा फार कठीण नाहीं. हवेच्या गाळणींतला कचरा रोज काढावा, डिझेल निवळून भरावें, तेल महिन्यांवर न बदलतां चाललेल्या तासांवर बदलावें, आणि पावसाळा संपल्यावर यंत्र धुऊन, ग्रीस भरून, कोरड्या जागीं ठेवावें. भातशेतींतलें यंत्र वर्षाचे आठ महिने बसूनच असतें. तें कामानें जितकें झिजतें, त्याहून अधिक बसल्यानें गंजतें.

स्नेह्यांनीं अखेर शेजारच्या दोन शेतकऱ्यांबरोबर भागींत एक पॉवर टिलर घेतला. घेण्यापूर्वीं ते त्या नमुन्याचे तीन जुने मालक आणि एक मिस्त्री यांना भेटून आले, आणि सीलचे दोन जोड यंत्राबरोबरच विकत घेतले. गेल्या आषाढांत मीं तेथें गेलों होतों. गोठ्याच्या खांबाला सुतळीनें एक वही टांगलेली होती. तींत कोणी किती तास चालविलें याचा हिशेब. शेवटच्या रकान्यांतलें अक्षर मात्र सगळीकडे एकाच थरथरत्या हाताचें होतें. काका रोज संध्याकाळीं यंत्र परत आलें, कीं कंदिलाजवळ बसून गियरचें थोडें तेल बोटावर घेऊन पाहतात, आणि लिहितात: पांढरें नाहीं.