घनाकृतीपासून शिवारापर्यंत

१९३७च्या ऑक्टोबरात वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि लवकरच सेवाग्रामात, म्हणजे तेव्हाच्या शेगावात, गांधींच्या नई तालीमची शाळा सुरू झाली. टकळीवरचे सूत मोजावे, तोलावे, त्यावरून सुताचा नंबर काढावा आणि गणित तिथून शिकावे, असा तिचा क्रम. ही पद्धत सरकारी शिक्षणात रुजली नाही, म्हणून तिचा इतिहास सहसा अपयशाचा म्हणून सांगितला जातो. परिसरातले काम हाच ज्ञानाचा विषय, हा तिचा मूळ विचार मात्र टिकला आहे, आणि तो अगदी अनपेक्षित ठिकाणी दिसतो: आयआयटी मुंबईतले संगणकशास्त्राचे प्राध्यापक मिलिंद सोहोनी यांच्या कारकिर्दीत.

सोहोनींचा एक विषय भौमितिक प्रतिमानन. एखादे हत्यार ठरलेल्या मार्गाने फिरले तर ते किती जागा व्यापते, हा त्यातला एक प्रश्न. उत्तर म्हणून त्या जागेचा पृष्ठभाग अचूक सांगावा लागतो. ज्या बिंदूंपाशी गतीची दिशा हत्याराच्या पृष्ठाला स्पर्शून जाते, मुख्यतः त्यांतून तो घडतो. पण मार्ग तीव्र वळला की हा पृष्ठभाग स्वतःलाच छेदतो आणि नको तो भाग छाटावा लागतो. आत काय, बाहेर काय, हे ठरवणे हीच खरी कसोटी. नई तालीमशी नाते जुळते ते त्यांच्या दुसऱ्या कामात: आयआयटीच्या ‘सितारा’ या ग्रामीण तंत्रज्ञान केंद्रातही त्यांनी काम केले. विदर्भ-मराठवाड्यातल्या कृषी संजीवनी प्रकल्पासाठी सोहोनींच्या सहभागाने आयआयटी मुंबईने पाण्याचा संगणकीय ताळेबंद तयार केला. प्रकल्पाच्या जिल्ह्यांत सेवाग्रामचा वर्धाही आहे. ताळेबंदाचे प्रश्न असे: पडलेल्या पावसातले किती वाहून गेले, किती मातीत थांबले, किती मुरले, पिकाला किती मिळाले? एकाच शिवारात उतारावरची उथळ माती आणि नाल्याकाठची खोल काळी जमीन यांची उत्तरे वेगळी येतात, म्हणून गावाची सरासरी शेतकऱ्याच्या कामाची नसते.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला, इतक्या बुद्धीच्या माणसाने शुद्ध गणित सोडणे हा अपव्यय आहे. पण त्यांनी ते सोडले कुठे? संगणकशास्त्रज्ञ केतन मुळमुळे यांच्यासोबतचा त्यांचा भौमितिक संगणन-जटिलतेवरचा पायाभूत निबंध २००१चा, आणि घनाकृतींच्या मार्गक्रमणावरचे सहकाऱ्यांसोबतचे शोधनिबंध २०१०च्या दशकातले, म्हणजे ग्रामीण कामाच्याच काळातले. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: गांधींच्या शाळेत मूल स्वतः सूत काढत होते, इथे संगणक तज्ज्ञाच्या हाती आहे. हे अंतर मोठे आहे आणि ते नाकारू नये. ‘सितारा’चे विद्यार्थी गावात राहून विहिरी, नळयोजना, शेते तपासतात, त्यामुळे अंतर कमी होते, पण आकडे गावाच्या हाती येऊन ग्रामसभा त्यांवर वाद घालू लागेपर्यंत ते मिटणार नाही.